रावजीला घरी बोलावलं तो आश्विन

गेल्या आठवड्यात उपकेंद्राच्या मागच्या शेतात हळव्या, लवकर येणाऱ्या भाताची कापणी सुरू झाली आणि माझं लसीकरणाचं रजिस्टर तासभर तसंच उघडं राहिलं. विळ्याचा आवाज फार मोठा नसतो. मूठभर ताटं आवळून धरायची, एक ओढ द्यायची, की झालं. पण दहा-बारा बायका ओळीने पुढे सरकत असल्या की एखादं मोठं जनावर शांतपणे चरत असावं तसं ऐकू येतं. आणि मग तो वास येतो. कापलेल्या देठांचा, ओला, किंचित गोडसर.

तो वास आला की मला माझ्याच श्वासाचा वास आठवतो. मास्कच्या आत कोंडलेला, सॅनिटायझर मिसळलेला. कोरोनाच्या वर्षीचा आश्विन मी दुहेरी कापडातून हुंगला. अधिक मासही नेमका आश्विनातच आला होता, त्यामुळे तो महिना दुपटीने लांबला. संपता संपत नव्हता.

मी तलासरीच्या डोंगराकडच्या भागात नर्स आहे, सतरा वर्षं झाली. घर चिखल्याला, समुद्राच्या बाजूला. एरवी मी स्कूटीवर ये-जा करते. त्या वर्षी घरी आजार नेऊ नये म्हणून उपकेंद्राच्या खोलीतच राहत होते. घरी आई आणि बाबा दोघंच. बाबा एसटीत कंडक्टर होते, डहाणू डेपोला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण घरातही उभं राहायचे ते एक हात वर धरूनच, दाराच्या चौकटीला.

त्या उन्हाळ्यात सगळं बंद झालं तेव्हा आमच्या वरच्या पाड्याने आपली वाट बांधली. चैतूबाबा तिथले भगत. सत्तरीचे, सडपातळ, कानात छोटी बाळी. पाड्यात शिरणाऱ्या वाटेवर दोन झाडांना त्यांनी दोरी बांधली, तिला आंब्याची पानं अडकवली, खाली एक नारळ ठेवला, आणि सांगितलं की बाहेरचा कुणी आत यायचा नाही, आतला कुणी बाहेर जायचा नाही. मी तपासणीला गेले आणि मलाही अडवलं.

मी चिडले. "चैतूबाबा, पानांनी आजार थांबतो का?"

ते शांतपणे म्हणाले, "तुमी पन हायवेवर बांबू बांधलाव ना बाई? त्याला तं पानं पन नाय."

आमची आशाताई लता शेजारी उभी होती. पाड्यातलीच मुलगी, बारावी शिकलेली. तिने हसू मास्कमध्ये लपवलं. तिनेच मग मधला मार्ग काढला. मी दोरीच्या अलीकडे बसायचं, लोकांनी पलीकडे येऊन तपासून घ्यायचं. चार महिने माझी ओपीडी त्या आंब्याच्या पानांखाली चालली.

नंतर मला पटत गेलं की माणसांनी एकमेकांपासून लांब राहावं हे त्या पाड्याला मी शिकवलेलं नव्हतं. घरात मुलाला गोवर आला की ते दारावर लिंबाचा डहाळा खोचतात. त्या घरात पाहुणा जात नाही, फोडणी घालत नाहीत, मोठ्याने बोलत नाहीत. बाळंतिणीची खोली वेगळी, सुतकातलं घर वेगळं. आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हेच इंग्रजी नावाने शिकवलं होतं आणि परीक्षेला आलं होतं. फरक इतकाच, की आमच्या पुस्तकात वेगळं कसं ठेवायचं ते होतं. परत आत कसं घ्यायचं, ते नव्हतं.

सगळीकडे असंच झालं, असं मी म्हणणार नाही. खालच्या एका पाड्यावर तापाने फणफणलेल्या बाईला चार दिवस नुसता अंगारा लावत ठेवलं, आणि आमच्याकडे आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ती गेली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

भाद्रपदात रावजी आला. वरच्या पाड्याचाच, चाळिशीचा, चिंचणीच्या बाजूला बोटीवर खलाशी. ताप घेऊनच आला. दोरीशी उभा राहिला आणि आत न जाता त्याने बायकोला हाक मारली. तिचं नाव जानी. ती धावत आली आणि दोरीपाशी थांबली. लताने मला फोन केला. मी गेले, ऑक्सिमीटर लावलं, आकडा पाहिला आणि १०८ ची गाडी बोलावली.

गाडीत चढताना रावजी मागे वळून म्हणाला, "खालच्या वाफ्यातला पानी काढून दे गो."

जानी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "काळजी करू नको. आठ दिवसांत घरी येईल."

हे वाक्य मी त्या दिवसांत किती जणांना म्हटलं असेल. धीर द्यायचा असतो म्हणून म्हणायची. नवव्या दिवशी रावजी गेला.

त्या वेळचे नियम तुम्हाला आठवत असतील. देह घरी द्यायचा नाही. रावजीचा धाकटा भाऊ जिवल्या, त्याला बोलावून घेतलं. त्याने लांबून, कुंपणाच्या बाहेरून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक गाठोडं चितेवर ठेवताना पाहिलं. त्याच सकाळी तिथे तीन चिता होत्या. परत आल्यावर तो दोरीजवळ बसला आणि म्हणाला, "मी कुनाला जळताना बघला, मला ठाव नाय."

ही गोष्ट मला लताने सांगितली तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. कारण मला नेमकं माहीत होतं तो काय म्हणतोय ते. महिन्याभरापूर्वी, श्रावणात, माझे बाबा गेले होते. आईला काही झालं नाही. बाबांना सात दिवसांत संपवलं त्या आजाराने. मी स्वतः त्या वेळी पॉझिटिव्ह होते, खोलीत बंद. भाऊ वापीहून कसाबसा पोचला. अंगभर पांढरे कपडे घातलेल्या चार माणसांनी सगळं उरकलं. दिवस भावाने एकट्याने केले. गुरुजी फोनवरून मंत्र सांगत होते. मी व्हिडिओ कॉलवर होते. मधेच चित्र थांबलं, भावाचा हात पिंडावर तसाच थिजलेला दिसत राहिला, आणि कॉल परत लागला तेव्हा सगळं संपलं होतं. भाऊ केळीचं पान उचलत होता. पंधराव्या दिवशी मी कामावर हजर झाले. रडले नव्हते. वेळ मिळाला नाही असं मी सगळ्यांना सांगत होते.

रावजीनंतर पाडा बदलला. चार महिने दोरीपलीकडे येऊन बसणारी माणसं आमची गाडी दिसली की रानात जायला लागली. तुम्ही नेता तो परत येत नाही, त्याचं हाडसुद्धा येत नाही, असं ती लताला म्हणाली. पाड्यात खोकल्याचे आवाज होते. जिवल्या खोकत होता; तो तर रानातल्या राखणीच्या झोपडीत एकटा जाऊन राहिला होता आणि मी वर चढायला लागले की पलीकडच्या उतारावरून निघून जायचा. माझ्या पिशवीत टेस्टची किट होती आणि टेस्ट करायला माणूस नव्हता.

जानीचं शेत आणि घर दोरीच्या पलीकडे लगेचच होतं, ओट्यावरचं बोलणं अलीकडे ऐकू यायचं. आजूबाजूची शेतं कापून झाली होती. तिचं हळवं भात पिकून, वाकून, आता गळायला लागलं होतं. मी थांबले. ती ओट्यावर बसली होती, कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या.

"जानी, भात का नाही कापत?"

"कसा कापू? नवा भात घरात आणायचा तं देवाला दाखवायचा, आन् घरच्या मेलेल्यांना दाखवायचा. रावजीला कुठं बशिवू? जित्यांत का मेलेल्यांत?"

मग ती म्हणाली, "तुमी बोललाव, आठ दिवसांत येल."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त आठवण करून देत होती, घेऊन गेलेलं भांडं परत आणलं का असं विचारावं तशी. मी डोंगर उतरून आले आणि पिशवीतली किट तशीच कपाटात परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी लताला घेऊन चैतूबाबांकडे गेले. या वेळी मी दोरीच्या अलीकडूनच आवाज दिला आणि ते येईपर्यंत उभी राहिले. म्हटलं, "बाबा, लोकांना तपासणीला पाठवा. जिवल्याला तरी. त्याला काही झालं तर जानीचं घर उघड्यावर पडेल."

ते उकिडवे बसले. थोडा वेळ मातीवर रेघा ओढत राहिले. "रावजी वाटेत अडाकलाय, बाई. तो घरी येत नाय तवर कुनी त्या वाटेला पाय टाकनार नाय. आदी त्याला घरी बोलवाया पायजे. मंग त्याला वाटंला लावून देऊ. मंग जिवल्या येल तुमच्यासंगं. मी आनीन त्याला."

"पण गर्दी नको."

"किती मानसं?"

मी नियम आठवले. "घरातून एक. लांब लांब बसायचं, तोंडाला बांधायचं. आणि रात्रभर नाही."

एरवी हे काम रात्रभर गाणं गाऊन चालतं. चैतूबाबांनी मान हलवली, नाखुशीने की राजीने ते कळलं नाही. "सकाळी करू. देव काय घड्याल बघत नाय."

लता मला परत येताना म्हणाली, "सिस्टर, साहेबांना कळलं तर?" मी म्हटलं, मी तिथे देखरेखीला होते असं सांगू. ते खोटंही नव्हतं.

सकाळी चैतूबाबांनी मला दोरीखालून आत घेतलं तेव्हा जानीचं खळं शेणाने सारवलेलं होतं, अजून ओलं. लताने चुन्याच्या फकीने गोल आखले होते, रेशनच्या दुकानासमोर आखायचे तसे. प्रत्येक गोलात एक माणूस, तोंडाला गमछा किंवा पदर. मध्यभागी भाताच्या पेंढ्याचा माणूस केलेला. त्याला रावजीचा निळा शर्ट घातला होता. जानी समोर बसली होती. जिवल्या सगळ्यांपासून लांब, जांभळाच्या झाडाखाली एकटा.

चैतूबाबांनी सूप घेतलं, त्यात तांदळाचे दाणे टाकले आणि बोटाने फिरवत गायला सुरुवात केली. सगळे शब्द मला कळले नाहीत. त्यांची बोली सतरा वर्षांनीही माझ्या हातून निसटते. पण गावांची नावं कळली. ते रावजीला वाट सांगत होते. दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पड. डांबरी रस्त्याने चाल. मोठ्या गाड्या येतील, कडेने चाल. मग हायवे. मग तलासरीचा नाका, तिथे चहा पिऊ नको, थांबू नको. मग डावीकडे वळ. पूल. शाळा. उपकेंद्र. उपकेंद्राचं नाव आलं तेव्हा दोन-तीन जणांनी माझ्याकडे पाहिलं. मग चढ. मग दोरी. इथे ते थांबले, एका बाप्याला खूण केली. त्याने जाऊन दोरी एका बाजूने सोडली. मग तुझं शेत, खालचा वाफा. पाणी काढलंय जानीने. मग ओटा. ये.

ते 'ये' त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं. उन्हातून आलेल्या माणसाला आत बोलावतात तसं. आणि जानीने इतक्या दिवसांनी हंबरडा फोडला.

कुणी तिला गप्प करायला गेलं नाही. गोलातून बाहेर पडायचं नव्हतं म्हणून असेल. पण पाच-सहा बायकांनी आपापल्या गोलात बसूनच तिच्यासोबत सूर धरला. ते रडणं होतं की गाणं, मला सांगता येणार नाही. मी आजवर कितीतरी घरांत मृत्यूची बातमी दिली आहे. माझी पद्धत अशी, की हळू आवाजात सांगायचं, पाणी द्यायचं, आणि 'सावरा' म्हणायचं. त्या सकाळी मला जाणवलं, की सावरायच्या आधी माणसाला कोसळायला एक जागा लागते, आणि ती जागा कुणीतरी सारवून ठेवावी लागते.

पेंढ्याच्या रावजीसमोर पानावर त्याचं आवडतं ठेवलं. सुकटाची चटणी, नाचणीची भाकरी, द्रोणात थोडी ताडी. मग चैतूबाबांनी मान वर करून विचारलं, "आनखी कुनाचा राहिलाय का?"

एका म्हाताऱ्याने सुरतेला गेलेल्या भाच्याचं नाव घेतलं. एका बाईने आईचं घेतलं. लॉकडाऊनमध्ये पलीकडच्या पाड्यावर वारली होती, तिला जाता आलं नव्हतं. प्रत्येक नावाला एक मूठ तांदूळ पानावर पडत होता. मग ते माझ्याकडे वळले. लताने त्यांना कधी सांगितलं होतं कोण जाणे.

"तुमचा कोन, बाई?"

मी म्हटलं, "नाही, असू दे."

ते मूठ धरून थांबले. मग मी म्हटलं, "माझे बाबा. चिखल्याचे. एसटीत कंडक्टर होते."

"कंच्या गाडीवर?"

"डहाणू–तलासरी. पुष्कळ वर्षं."

चैतूबाबांचा हात तसाच राहिला. "चष्मावाला? उंच? तो कोंबडीचा तिकिट नाय फाडायचा." ते लोकांकडे वळले. "आठवतो ना रे? दुसरा कंडक्टर कोंबडी बघली का गाडीतून उतरवायचा. हा बोलायचा, पिशवीत घाल, तोंड बाहेर ठेव."

दोन-तीन म्हातारी माणसं हसली. एक जण म्हणाला, "माझी बायको गरवार होती, तं तिला आपल्या सीटवर बशिवला." सारवलेल्या खळ्यावर, पेंढ्याच्या माणसासमोर, माझ्या बाबांची गाडी काही क्षण चालू झाली. फोनवरच्या त्या तेरा दिवसांत त्यांच्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं. सगळे आकड्यांबद्दल बोलत होते. ऑक्सिजन किती होता, इंजेक्शनं किती दिली.

"काय आवडायचा त्यांना?"

"चहा. बिनदुधाचा."

जवळच्या घरातली बाई उठून आत गेली. चूल पेटेपर्यंत, पाणी उकळेपर्यंत सगळे थांबले. कुणालाही घाई नव्हती. स्टीलच्या पेल्यात कोरा चहा आला आणि रावजीच्या ताडीशेजारी ठेवला गेला. तेव्हा मला रडू आलं. मास्क भिजला, चष्म्यावर वाफ धरली, आणि मी माझ्या चुन्याच्या गोलात बसून रडले.

पेंढ्याचा माणूस ओढ्याकाठी नेऊन जाळला. जानीने बांगड्या उतरवल्या. आंघोळ करून आली आणि विळा घेऊन सरळ शेतात गेली. दोन तासांत तिच्या मागे सात बायका होत्या, हातभर अंतर ठेवून.

चैतूबाबांनी शब्द पाळला. जिवल्याला ते स्वतः घेऊन आले. जिवल्या पुढे, हे दहा पावलं मागे. टेस्ट पॉझिटिव्ह आली. ऑक्सिजन उतरायला लागला होता, आणखी दोन दिवस रानात काढले असते तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. गाडीत बसवताना मी या वेळी काहीच कबूल केलं नाही. म्हटलं, "रोज फोन करीन. जे असेल ते सांगीन." त्या दिवशी आणखी एकोणीस जणांनी नाकात काडी घालू दिली.

बाराव्या दिवशी जिवल्या परत आला. वाळला होता, पण चालत आला. परत बांधलेल्या दोरीपाशी येऊन उभा राहिला. पलीकडे माणसं जमली होती, कुणी पुढे होत नव्हतं. भीती होतीच. माझ्या हातात त्याचा डिस्चार्जचा कागद होता. मी तो वर धरला, पण कागदाने कुणाचा पाय उचलला नाही. मग चैतूबाबा आले. त्यांनी तांब्यातलं पाणी त्याच्या पायावर ओतलं, डोक्यावरून तांदूळ ओवाळून टाकले आणि म्हणाले, "आला हा. सुटला." जानीच्या लहान मुलीने जाऊन काकाचा हात धरला. तेवढ्यावर सगळं मोकळं झालं.

त्या रविवारी मी चिखल्याला गेले. घरात शिरताना मला आईचं गेल्या अडीच महिन्यांचं आयुष्य पहिल्यांदा नीट दिसलं. आमची शेजारची सुमनकाकी, तीस वर्षं जिच्याशी आईची वाटीची देवघेव, ती अजून आमच्या फाटकात पाऊल ठेवत नव्हती. पेपरवाला पेपर कुंपणावर टाकून जायचा. आईचा चौदा दिवसांचा काळ केव्हाच सरला होता, पण सरला हे मोठ्याने म्हणायला कुणी आलं नव्हतं. सुमनकाकी वाईट नव्हती. कुठल्या दिवशी यायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याउभ्या जेवायची. पान मांडायचं तर कुणासाठी, म्हणायची.

मी कुंपणाशी गेले. "काकी, उद्या बाबांचं गोडाचं जेवण आहे. तुम्ही या."

ती गोंधळली. "आता? अगं, अडीच महिने झाले."

"राहिलं होतं."

तिने आमच्या दाराकडे पाहिलं. आई चौकटीत उभी होती. काकीने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "किती वाजता येऊ?"

दुसऱ्या दिवशी मी अंगणात, चिकूच्या सावलीत, लांब लांब तीन पानं मांडली. आईने वालाचं बिरडं केलं होतं, शेवयांची खीर केली होती. काकी साडी बदलून, मास्क लावून आली. पाटावर बसली, मास्क काढून घडी करून मांडीवर ठेवला. आई वाढायला वाकली आणि थोडं बिरडं पानाबाहेर सांडलं; इतक्या दिवसांत तिने कुणाला वाढलंच नव्हतं. जेवता जेवता मी कोंबडीची गोष्ट सांगितली. काकीला ठसका लागला. आई म्हणाली, "पिसं असायची गं खाकी शर्टाला. मी विचारायची, कुठून आली म्हणून. कधी बोलले नाहीत."

मग काकीने खिरीची वाटी पुढे केली. आईने ती भरली. आणि काकी, वर न बघता, बाजूच्या रिकाम्या पानाकडे बोट दाखवत म्हणाली, "आता तू बस."

आई बसली.